त्या आश्विनातली छिंकणी

दिवाळी सरली की आमच्याकडे मिरची लाल होते. धानोऱ्यातून नंदुरबारकडे निघालं की वाटेतल्या खळ्यांत, बांधांवर, स्टेशनामागच्या मिरची वाळवायच्या मोकळ्या पथाऱ्यांवर नुसती लाल जाजमं अंथरलेली दिसतात. त्या दिवसांत सगळा मुलूख शिंकतो. माणसं शिंकतात, गाडीचे बैल फुरफुरतात, झाडाखाली निजलेलं कुत्रं दचकून उठतं आणि नाक जमिनीला घासतं. परवा एका बाळंतिणीला बघायला गेले होते. अंगणात सात-आठ जणी मिरचीचे देठ खुडत बसल्या होत्या. एकीला शिंक आली, मग शेजारणीला, आणि मग कोणालाच आवरेना. डोळ्यांतून पाणी आणि तोंडभर हसू. मी पदर नाकाशी धरला आणि घाईने आत गेले. बाळंतिणीच्या आईने विचारलं, काय झालं बाई? ठसका लागला, म्हटलं.

ठसका लागला नव्हता. एका अंगणात बसून खूप माणसं एकदम शिंकायला लागली की मला तिथे उभं राहवत नाही. हे आजवर मी कोणाला सांगितलेलं नाही. त्यामागच्या गोष्टीला पंचवीस वर्षं होऊन गेली.

मी धुळ्याच्या शाळामास्तरांची मुलगी. वडिलांनी मला घरीच लिहायला वाचायला शिकवलं आणि वयाच्या पंधराव्या वर्षी धानोऱ्याच्या माळ्याच्या घरात दिलं. घरात तिघंच माणसं. माझे यजमान, मी आणि सासूबाई. सासूबाईंना मी आत्याबाई म्हणत असे. त्या विधवा होत्या, उंच, हाडापेराने मोठ्या, आणि बोलायला अगदी तुटक. पहिली दोन वर्षं त्या माझ्याशी कामापुरतंच बोलत. मला अहिराणी कळे पण बोलता येत नसे, आणि माझं मास्तरी मराठी त्यांना कचेरीतल्या कागदासारखं वाटे. मी ‘आहे’ म्हटलं की त्या मुद्दाम ‘शे’ म्हणत आणि तोंड फिरवत.

त्यांना एकच शौक होता, तपकिरीचा. आमच्याकडे गुजराथच्या वाऱ्याने आलेला शब्द आहे, छिंकणी. कमरेच्या चंचीत पितळेची चपटी डबी, तिच्यात काळपट तंबाखूची भुकटी. दुपारी ओट्यावर बसून त्या चिमूट नाकाशी नेत, मान वर करत, डोळे मिटत, आणि मग जी शिंक देत तिने चिमण्या उडत. त्या क्षणापुरता त्यांचा चेहरा सैल पडे. एरवी त्या चेहऱ्यावर कधी काही हललेलं मी पाहिलं नाही.

मग विलायतेतली लढाई लांबत गेली आणि गावातल्या मारवाडी दुकानदाराकडे बऱ्याच वस्तू येईनाशा झाल्या. आगगाडीचे डबे लष्कराच्या मालाला लागतात, तुमच्या तपकिरीला कोण विचारतो, असं तो आत्याबाईंना म्हणाला. दोन दिवस त्या डोकं बांधून पडून राहिल्या. तिसऱ्या दिवशी उठल्या, मळ्यात गेल्या आणि ओटीभर पाला घेऊन आल्या.

आमचा मळा म्हणजे विहिरीच्या अंगाला असलेला एक पट्टा. मोट जिथे रिती होई त्या थारोळ्यापासून पाट निघे, आणि पाटाच्या दोन्ही कडांना आत्याबाईंनी काय काय लावून ठेवलं होतं. तुळस तर होतीच. मरवा होता, सब्जा होता, जाड पानांचा ओवा होता. अगदी पाण्याच्या तोंडाशी वेखंड होतं. आणि थारोळ्यातून झिरपणाऱ्या ओलीवर, कोणी न लावता आपोआप उगवलेली, जमिनीला चिकटून पसरलेली नाकशिंकणी. ती इतकी बारीक की पायाखाली आली तरी कळू नये. पिवळी टाचणीच्या डोक्याएवढी फुलं. दोन बोटांत चुरगळून हुंगली की शिंक आलीच.

त्या दिवशी त्यांनी मला पहिल्यांदा हाक मारून जवळ बसवलं. पाला सकाळी, दंव वाळल्यावर आणि ऊन चढण्याआधी खुडायचा. देठ काढायचे. सुपात जुन्या धोतराचा तुकडा पसरून त्यावर पातळ पसरायचा. मी सूप उचलून उन्हात ठेवायला निघाले तर म्हणाल्या, “उन्हमा वाळाडशी त वास उडी जाई. सावलीमा ठेव.” त्या माझ्याशी बोललेलं तोवरचं हे सगळ्यात लांब वाक्य होतं. चार-पाच दिवसांनी पानं हाताला कुरकुरू लागली की खलात घालून कुटायची. वेखंडाचं मूळ वेगळं कुटायचं, कारण ते हट्टी. मग सगळं एकत्र करून मलमलीतून गाळायचं, एकदा, दोनदा, तीनदा, भुकटी बोटाला लागल्याचं कळू नये इतकी मऊ होईतो. शेवटी बोटाच्या टोकावर तुपाचा थेंब घेऊन तो तळहातावर भुकटीत चोळायचा, म्हणजे नाकाला जळजळ होत नाही.

तिचा रंग सुकलेल्या शेवाळासारखा झाला. वास मात्र असा होता की आजही नीट सांगता येत नाही. आधी देवघर, मग ओली माती, आणि त्यामागून एकदम कपाळात जाणारी थंड सुई. माझे यजमान चिमूटभर ओढून सात वेळा शिंकले आणि डोळे पुसत म्हणाले, “माय, तुन्ही छिंकणी इतली कडक शे, भूतबी पळी जाई.” आत्याबाई हसल्या. मीही हसले. आम्ही तिघं एकत्र हसल्याची मला आठवते ती हीच वेळ.

त्यानंतर आम्हा सासू-सुनांचं बोलणं सुरू झालं. खलबत्त्याच्या दोन बाजूंना बसून मी अहिराणी शिकले. माझी जीभ वळली नाही की त्या खलातला दस्ता थांबवून तो शब्द पुन्हा म्हणून दाखवत. आठवड्याला एक डबी भरे. गल्लीतल्या म्हाताऱ्या मागायला येऊ लागल्या. आत्याबाई ती कधी विकत नसत. ओट्यावर बसा, ओढा, शिंका आणि जा, असा त्यांचा रिवाज होता.

पुढच्याच वर्षी पाऊस भाद्रपदात पाठ फिरवून गेला. ज्वारी दाणा भरण्याआधीच वाळली. कणसं उभी राहिली, पण हातात घेतली तर पोकळ. आश्विनाच्या सुरुवातीलाच वैशाखासारखी धूळ उडू लागली. विहिरीचं पाणी इतकं खाली गेलं की मोट चिखल घेऊन वर येई. आत्याबाईंनी मिरचीचं रोप सोडून दिलं, वांगी सोडून दिली, आणि घरच्या घागरीतलं पाणी नेऊन फक्त पाटाकडचा तो पाला जगवला. यजमान एकदा म्हणाले की माणसाला प्यायला पुरत नाही आणि तू मरव्याला घालतेस. त्यांनी ऐकून घेतलं आणि घागर उचलली.

साथ नंदुरबारहून आली. लढाईवरून परतणारी माणसं आगगाडीने येत होती, त्यांच्याबरोबर आली असं म्हणत. लोक तिला मानमोडी म्हणू लागले, कारण अंग असं मोडून येई की मान उचलता येत नसे. आधी सर्दी, शिंका, लाल डोळे. मग ताप, मग खोकल्यात रक्त. नंदुरबारात एका घरात दिवा लावायला माणूस उरलं नाही, अशा गोष्टी कानावर येत. गावातली माणसं पटकीला ओळखत होती, प्लेगला ओळखत होती. प्लेग आला की गाव सोडून रानात झोपड्या घालायच्या, हे त्यांना ठाऊक होतं. हिच्यासाठी काय करायचं हे कोणालाच ठाऊक नव्हतं.

आत्याबाईंना मात्र ठाऊक होतं. सर्दीपासून सुरू होणारं दुखणं नाकातच अडवायला हवं, हे त्यांचं म्हणणं. “नाक मोकळं, त जीव मोकळा,” त्या म्हणायच्या, आणि ते इतकं सरळ होतं की कोणाला खोटं वाटेना. मलाही वाटलं नाही. मी मास्तरांची मुलगी, गावात वाचता येणारी एकुलती एक बाई, आणि तो सगळा आश्विन मी दोन्ही हातांनी खल कुटत होते. माझ्या तळहातांना फोड आले. गावासाठी माझ्या हातून काहीतरी होतंय, या अभिमानाने मी ते फोड कोणाला दाखवले नाहीत.

रोज सकाळी, ऊन ओट्यावर आलं की माणसं जमत. आधी आमची गल्ली, मग खालची आळी, मग सगळेच. ज्याला बरं होतं तोही येई आणि ज्याचं नाक गळत होतं तोही. आत्याबाई मध्ये बसत. डबी हातोहात फिरे. चिमूट घ्यायची, ओढायची, शिंकायचं, डबी पुढे द्यायची. लहान पोरांच्या नाकाला आया बोटाने लावत. सकाळच्या त्या शांत गावात एकाच अंगणातून शिंकांचा गजर उठे आणि माणसांच्या तोंडावर जरा वेळ धीर दिसे. इतके दिवस भेदरून दारं लावून बसलेली माणसं तिथे एकमेकांना भेटत, कोणाचं कसं आहे ते विचारत. काही जण चिमूट ओढून झाल्यावरही उठत नसत.

उखाभाऊ म्हणून एक गाडीवाला होता. स्टेशनावर माल पोचवायचा. एक दिवस तो आला तेव्हा त्याचे डोळे गुंजेसारखे लाल होते आणि तो भिंत धरून चालत होता. आत्याबाईंनी त्याला सगळ्यांच्या पुढे घेतलं, कारण त्याला गरज जास्त. त्याने मोठी चिमूट घेतली. किती शिंका दिल्या ते आठवत नाही. त्याच्या शेजारी माझे यजमान बसले होते, त्याची पाठ चोळत. डबी पुढे गेली.

आमच्या समोरच्या घरात जसोदा राहत असे. माझ्याच वयाची, सातवा महिना लागलेला. धानोऱ्यात माझी म्हणावी अशी ती एकच मैत्रीण. तिची सासू देवकामाय फार धाकाची. गर्भार सुनेने गर्दीत जायचं नाही म्हणून तिने जसोदाला घरातच ठेवलं होतं. उखाभाऊ येऊन गेला त्या दिवशी, सगळे उठून गेल्यावर, जसोदा मागच्या दाराने माझ्याकडे आली. म्हणाली, “माले दे ना थोडी. डोकं जड व्हई गयं.” आत्याबाई मळ्यात गेल्या होत्या. डबी कोनाड्यात होती. मी ती काढली, झाकण उघडलं, आणि तिला स्वतःला जमेना म्हणून माझ्याच बोटांनी तिच्या नाकाशी चिमूट धरली. माझं नाकही त्या दिवशी सकाळपासून चुरचुरत होतं. आम्ही दोघी एकमेकींच्या तोंडावर शिंकलो आणि पोट धरून हसलो. पोटातलं मूल दचकलं बघ, असं म्हणून तिने माझा हात तिथे ठेवला.

पुढचं मला तुटक तुटक आठवतं. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी यजमान आणि मी, दोघंही अंथरुणाला लागलो. एकाच खोलीत दोन भिंतींना दोन अंथरुणं. कधी त्यांचा खोकला ऐकू येई, कधी आत्याबाईंचा ओला हात कपाळावर येई. एकदा ते मला काहीतरी विचारत होते आणि मला शब्द कळत होते पण त्यांचा अर्थ जुळत नव्हता. मी उत्तर दिलं की नाही, माहीत नाही. त्यांनी काय विचारलं हेही मला कधी कळणार नाही.

शुद्धीवर आले तेव्हा दुपार होती. समोरची भिंत रिकामी होती, जमीन सारवलेली. आत्याबाई दाराशी बसून मलमलीतून भुकटी गाळत होत्या. हात एका लयीत चालला होता. मी बघितलं हे त्यांना कळलं तेव्हा त्या न थांबता म्हणाल्या, “तो गया.” थोड्या वेळाने म्हणाल्या, “जसोदाबी गई.” मूल पोटातच होतं. गावात लाकडं संपली होती, म्हणून यजमानांना जाळायला मोटेची चाकं आणि गाडीचं जू मोडावं लागलं, हे मला फार नंतर समजलं. जसोदाला पुरलं.

त्या साथीने तरणी माणसं निवडून नेली. म्हातारे राहिले. गल्लीत ज्या घरांत सुना होत्या तिथे सासवा उरल्या, मुलगे होते तिथे बाप उरले. आत्याबाईंना साधी सर्दीसुद्धा झाली नाही. त्यांना तो पुरावा वाटला. ज्यांनी रोज नेमाने ओढली ते वाचले, मुलाने टाळाटाळ केली म्हणून तो गेला, अशी त्यांनी स्वतःची समजूत घालून घेतली. वाचलेली माणसंही तसंच म्हणत. माय, तुझ्या हाताने वाचलो, म्हणत आणि पाया पडत. मुलगा गेलेल्या बाईला पाया पडणारी ती माणसं, आणि हात वर करून आशीर्वाद देणारी ती. तेवढ्यावर त्या उभ्या राहिल्या. ते काढून घेतलं असतं तर त्या त्याच हिवाळ्यात गेल्या असत्या.

माझे वडील मला न्यायला आले. आमच्या जातीत विधवेचा पाट लागत असे, तेव्हा दुसऱ्या घराचंही बोलणं निघालं. आत्याबाई म्हणाल्या, तिला विचारा. मी नको म्हटलं. मग वडिलांनी एका मिशनच्या दवाखान्यात सुईणीचं आणि शुश्रूषेचं शिक्षण मिळतं असं सांगितलं. मला आत्याबाईंना एकटं सोडायचं नव्हतं. त्याच म्हणाल्या, “तू शिकेल शे. आठे मन्हासंगे बसीसन काय करशी? जाय.”

तिथे एक डॉक्टरीणबाई आम्हाला शिकवत. एका सकाळी त्यांनी आम्हाला एका खोलीत नेलं, खिडक्या लावल्या, आणि एकच झडप किंचित उघडी ठेवली. उन्हाचा एक तिरका पट्टा खोलीत उतरला. त्यांनी एका मुलीला त्या पट्ट्याशेजारी उभं केलं आणि नाकात काडी घालून शिंकायला सांगितलं. ती शिंकली. त्या उन्हात असंख्य बारीक थेंब उसळले, चमकले, आणि लगेच खाली पडले नाहीत. तरंगत राहिले. डॉक्टरीणबाई सांगत होत्या की मानमोडीसारखी साथ या थेंबांतून एका माणसाकडून दुसऱ्याकडे जाते. मुली पुढे सरकून बघत होत्या. मला आमचा ओटा दिसला. सकाळचं ऊन, मध्ये आत्याबाई, आणि आजूबाजूला ते चमकणारं सगळं, जे तेव्हा कोणी पाहिलं नव्हतं.

पुढे एकदा धीर करून मी बाईंना सगळं सांगितलं. त्यांनी ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, ती साथ कोणाच्याने थांबली नसती, तुम्ही काही केलं नसतं तरी गावात शिरलीच असती. ते खरं आहे. मीही पुढे किती जणांना तसंच समजावलं आहे. पण शिरली असती ती कोणाच्या घरात, किती घरांत, हे त्याही सांगू शकत नव्हत्या. जसोदा तर घरातच बसली होती. तिच्याकडे साथ चालत गेली नाही. ती माझ्या चिमटीतून गेली.

मी नर्स होऊन धानोऱ्याला परत आले. आत्याबाईंनी छिंकणी करणं सोडलं नव्हतं. ओट्यावर माणसं अजून येत. मी पहिल्याच आठवड्यात डबी फिरवणं बंद केलं. हवेतली ओल लागते, असं सांगून कागदाच्या पुड्या बांधल्या, ज्याची त्याने घरी न्यावी. आत्याबाईंना ते पसंत नव्हतं, पण शिकलेल्या सुनेचं मन त्यांनी मोडलं नाही. मानमोडीचा विषय निघाला की त्या अजूनही म्हणत, “त्या साले मन्ही छिंकणीनी कितला जीव वाचाडात.” आणि माझ्याकडे बघत, साक्षीला. मी मान हलवी. वीसएक वर्षं मी मान हलवली.

मग तीन वर्षांपूर्वीची गोष्ट. आठवड्याच्या बाजाराला आरोग्यखात्याचा एक माणूस आला होता, क्षयाची माहिती सांगायला. झाडाला कापडी चित्रं बांधली होती. एका चित्रात एक माणूस शिंकतो आहे आणि त्याच्या तोंडातून निघालेले ठिपके दुसऱ्याच्या तोंडात जात आहेत. आत्याबाई बाजारात गेल्या होत्या. डोळे अधू झालेले, म्हणून अगदी पुढे जाऊन बसल्या. त्या माणसाने शिंक, खोकला, सर्दीच्या साथी, सगळं सांगितलं. त्या घरी आल्या, भाजी टोपलीतच ठेवली आणि ओट्यावर न बसता आत येऊन माझ्यासमोर बसल्या.

“तू शिकेल शे,” त्या म्हणाल्या. “खरं सांग. मन्ही छिंकणीघाई लोके मरनात का?”

मी म्हटलं, “नही, आत्याबाई.”

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. मग म्हणाल्या, “तुले खोटं बोलता येत नही.”

त्या रडल्या नाहीत. मी डॉक्टरीणबाईंचं बोलणं सांगितलं, साथ तशीही आली असती हे सांगितलं. त्या ऐकत होत्या असं मला वाटत नाही. आपण स्वतःच्या मुलाला उखाभाऊच्या शेजारी बसवलं होतं, एवढंच त्या एकदा म्हणाल्या. मग मी जसोदाचंही सांगितलं. त्यांना, इतक्या वर्षांत पहिल्यांदा. मागचं दार, कोनाडा, माझी बोटं. त्यांनी माझा हात हातात घेतला आणि तो उलटसुलट करून पाहत बसल्या.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्या मला म्हणाल्या, चल. मला वाटलं देवळात जायचं असेल. त्यांनी माझं मनगट धरलं होतं, कारण त्यांना वाट नीट दिसत नसे. गल्ली ओलांडून त्या देवकामायच्या दाराशी उभ्या राहिल्या. देवकामाय दळण निवडत होती. आत्याबाईंनी बसायला नकार दिला. उभ्यानेच त्यांनी ती सगळी साथ सांगितली, चित्रातले ठिपके सांगितले, डबी सांगितली. आणि मग म्हणाल्या, “तुन्ही जसोदाले छिंकणी मी दिधी. मन्हा हातनी.”

मी तोंड उघडलं. माझ्या मनगटावरची त्यांची बोटं अशी आवळली गेली की मला कळ आली. मी तोंड मिटलं. हे लिहिताना मला स्वतःला फसवायचं नाही. बोटांची ती कळ काही मला गप्प बसवण्याएवढी मोठी नव्हती.

देवकामायने सूप खाली ठेवलं. मग अगदी हळू, जणू आमच्यापैकी कोणाशी बोलतच नाही, अशी म्हणाली, “इतला साल मी देवले दोष दिधा. आते तू माले माणूस दाखाडा. मी आते काय करू?”

आम्ही परत फिरलो. घरात आल्यावर मी आत्याबाईंना विचारलं, असं का केलंत? त्यांनी पाण्याचा तांब्या मागितला, प्यायल्या, आणि म्हणाल्या, “मी मरी जासू. तुले आठेच ऱ्हावानं शे.”

ज्या नर्सच्या हातून गर्भार बाई गेली तिला या गावात बाळंतपणाला कोण बोलावील, एवढा सरळ हिशेब त्यांनी केला होता. त्याच दिवशी त्या मळ्यात गेल्या आणि पाटाकडचा सगळा पाला उपटून काढला. संध्याकाळपर्यंत वेखंडाची मुळं खणत होत्या. मी मदतीला गेले तर नको म्हणाल्या.

त्यानंतर त्या सहा महिने होत्या. गावात बातमी पसरली होती. ओट्यावर कोणी येईना. पाया पडणारी माणसं वाट बदलून जाऊ लागली. काहींनी तोंडावर विचारलं, काहींनी दारात थुंकून दाखवलं. त्या कोणाला उलटून बोलल्या नाहीत. तंबाखूही त्यांनी पुन्हा कधी ओढली नाही. गेल्या त्या दिवशी देवकामाय आली. दारात उभी राहून तिने प्रेताकडे पाहिलं आणि परत गेली. ती निरोप द्यायला आली होती की खरंच गेली ना हे बघायला, मला समजलं नाही.

आता देवकामाय एकटी आहे. डोळ्यांत फूल पडलंय. मी रोज सकाळी तिच्याकडे जाते, डोळे धुते, औषध घालते, दोन भाकरी ठेवते. ती मला लेकीसारखी मानते, म्हणते की अशा सासूच्या हाताखाली राहून तू इतकी भली कशी राहिलीस. परवा मी औषधाचा थेंब घालायला तिची मान मागे घेतली होती, तेव्हा छपराकडे बघत ती म्हणाली, “तुन्ही सासू नरकमा गई व्हई.” थेंब गालावर ओघळला असता. मी म्हटलं, “हालू नको, माय.”

आज तिला सांगायचं, असं ठरवून मी सकाळी उठले होते. त्याऐवजी हे लिहायला बसले. लिहून होत आलंय. समोर ती ओट्यावर ऊन खात बसली आहे. तिला वाचता येत नाही, आणि हे मला लिहायला बसतानाही माहीत होतं.